डावा हात वर

४ सप्टेंबर

आई,

वर ‘तीर्थरूप’ वगैरे लिहिणार होते, पण हे पत्र दादा वाचून दाखवणार, आणि त्याला तसे शब्द वाचताना हसू येतं. तेव्हा नुसतं आई. दादा, सावकाश वाच, आणि मधलं गाळू नकोस. तिचे डोळे अधू झालेत, कान नाहीत.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितेय. उन्हाळ्यात शेवटचं बोललो तेव्हा तू म्हणालीस, “घरी बसलीस तरी चालेल, पण वर्गात उभी राहू नकोस. तुला ते जमायचं नाही. मी तुला वर्गात पाहिलंय.” आणि ठेवलास. त्यानंतर मी फोन केला की वहिनी उचलते आणि तू अंघोळीला गेलेली असतेस. दिवसातून कितीदा अंघोळ करतेस गं?

तर कळवायचं असं की मी वर्गात उभी राहिले. म्हणजे अजून बसलेच आहे, मागच्या बाकावर, पण शाळेत आहे. पाण्याच्या तपासणीची नोकरी सोडली. इतकी वर्षं गावोगावचं पाणी बाटल्यांतून आलं आणि मी ते चांगलं की वाईट सांगत राहिले. पुढे कुणी काही करायचं नाही. कंटाळले. तुझ्या जावयाने आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाला, कर बाई, नाहीतर आयुष्यभर ऐकवशील.

तुझ्या वेळी ही भानगड नव्हती, म्हणून सांगते. आता नव्या शिक्षकाला नुसती पदवी घेऊन वर्गात सोडत नाहीत. वर्षभर शाळेत उमेदवारी करायची, पगारी. जुन्या शिक्षकाच्या हाताखाली बसायचं, बघायचं, हळूहळू तास घ्यायचे. पगार नसता तर माझ्या वयाच्या बाईला हे परवडलंच नसतं. वर्षाच्या शेवटी एक अंतिम पाठ असतो. प्रशिक्षण महाविद्यालयातून दोघे येतात, मागे बसतात आणि ठरवतात. पास झालं की शिक्षक, नाहीतर उमेदवार. या शाळेत विज्ञानाची एक जागा रिकामी होणार आहे आणि आम्ही इंटर्न दोघं आहोत. दुसरा माझ्या निम्म्या वयाचा आहे आणि रोज टाय बांधून येतो, म्हणून मी त्याला टाय म्हणते. पोरगा गोड आहे. मला ‘मॅडम’ म्हणतो आणि दार उघडून धरतो, त्यामुळे मला जास्तच म्हातारं वाटतं.

आता खरी बातमी. माझ्या मार्गदर्शक शिक्षिका कोण माहीत आहे? तुझीच शिष्या. तुझ्या हाताखाली शिकवायला शिकली ती. केस ओढून बांधलेले, कपड्याला सुरकुती नाही, वर्गाला तर अजिबात नाही. मुलं तिला इस्त्री म्हणतात. पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून म्हणाली, “तुम्ही बाईंच्या?” आणि उभी राहिली. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी.

तुझी धाकटी

१९ ऑक्टोबर

आई,

उत्तर नाही आलं. दादाचं आलं, की पत्र वाचून दाखवलं आणि तू ‘हं’ म्हणालीस. ‘हं’ वर मी दीड महिना काढला.

माझं रोजचं सांगते. नववीच्या वर्गात मागे, झाडूच्या कपाटाशेजारी माझं बाक. त्याचा एक पाय आखूड आहे, पाठटाचण लिहायला घेतलं की डुगडुगतं. खाली वहीचा पुठ्ठा घालते, शिपाई रोज काढून नेतो. तिथून मला चाळीसएक डोकी मागून दिसतात आणि समोर इस्त्री. हिचा तास एकदा बघायला ये. ती प्रश्न विचारते आणि हात वर जातात. एक-दोन नाहीत, सगळे. अख्खा वर्ग. मग ती एकाला उठवते आणि तो बरोबर सांगतो. दुसरीला उठवते, तीही बरोबर. माझ्या समोर एकही उत्तर चुकलेलं नाही. परवा दुसऱ्या शाळेतले पाहुणे आले होते, ते बघतच राहिले. हेडसर दारात उभे राहून असे हसत होते की वर्ग जणू त्यांनीच वाढवलाय.

माझा तास असला की वेगळीच तऱ्हा. प्रश्न विचारते, हात तसेच वर जातात, सगळे. मी खूश होते. एकाला उठवते. तो उभा राहतो आणि खाली बघतो. दुसऱ्याला उठवते. त्याला येतं. तिसरी उठते, वर्गात खसखस पिकते, आणि ती बसून घेते. मग मी उत्तर सांगते आणि पुढे जाते. तोच वर्ग, तीच मुलं. टायने त्याच वर्गावर परवा तास घेतला, तो छान झाला. मी घरी येऊन भांडी आपटली.

तुला बरं वाटेल असं एक सांगते. इस्त्रीने मला तासानंतर थांबवून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही मुलांकडे नीट बघत नाही. मी म्हटलं, बघते की. ती म्हणाली, नाही, तोंडाकडे बघता. पुढे काही सांगितलं नाही. तुझ्यासारखंच, निम्मं बोलायचं आणि निम्मं समोरच्यावर सोडायचं.

आणि पगारी उमेदवारी म्हणजे काय तेही कळलं. कागदावर मी शिकायला आलेय. प्रत्यक्षात कुणी शिक्षक आला नाही की त्याच्या वर्गावर मी. भूगोल घेतला, शिवणकाम घेतलं, एकदा तर दोन वर्ग एकत्र करून मैदानावर उन्हात उभे केले आणि शिट्टी माझ्या हातात दिली. वर्गावर एकटीने जायचं नाही असा नियम आहे. हेडसरांना तो दाखवला तर म्हणाले, मॅडम, हाच तर अनुभव. रिकाम्या जागा का भरत नाहीत ते मला आता समजतं. आम्ही स्वस्तात पडतो.

तरी मला हे आवडतंय. तू नाक मुरडशील, पण खरंच आवडतंय. खिडकीशी एक मुलगी बसते. सदान्कदा बाहेर बघत असते म्हणून सगळे तिला खिडकी म्हणतात, तीही त्याच नावाने ओ देते. प्रयोगशाळेत मी पाण्याच्या नळ्या धूत होते तेव्हा आपणहून आली आणि धुवायला लागली. नळी उलटी का ठेवायची, असं विचारलं. मी सांगितलं, पाण्याचे डाग तळाशी राहू नयेत म्हणून. ती म्हणाली, डाग पाण्याचे नसतात, पाण्यातल्या कशाचे तरी असतात. मी तिच्याकडे बघतच राहिले. प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढलेल्या लोकांना हे सुचत नाही.

तुझी धाकटी

८ डिसेंबर

आई,

दादा, हे पत्र वाचण्याआधी पाणी पिऊन घे. आणि वहिनीला आत पाठव. बरं, नको, बसू दे, तिनेही ऐकावं.

गेल्या आठवड्यात माझा तास होता. मी विचारलं, हात वर गेले, आणि मी खिडकीला उठवलं, कारण तिला ते येतं हे मला माहीत होतं. ती उभी राहिली. गोंधळलेली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “मॅडम, माझा डावा आहे.”

वर्ग हसला. मी चाळीस हातांकडे बघितलं, पहिल्यांदा तोंडांकडे नाही, हातांकडे. काही उजवे होते आणि काही डावे.

मी तिला बस म्हटलं, फळ्याकडे वळले आणि काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं आठवत नाही. खडू मोडला एवढं आठवतंय.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये इस्त्रीला गाठलं. ती डबा उघडत होती. मी विचारलं तशी शांतपणे म्हणाली, “कळलं का शेवटी? तुमच्या बरोबरच्या त्या मुलाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.” मग सगळं समजावून सांगितलं. वर्षाच्या सुरुवातीला ती एकेकाला बोलावते आणि हात ठरवून देते. ज्याला उत्तरं येतात त्याचा उजवा, ज्याला येत नाहीत त्याचा डावा. प्रश्न आला की प्रत्येकाने आपला हात वर करायचा. बाईंनी फक्त उजव्याला विचारायचं. पाहुण्यांना दिसतो सगळा वर्ग हुशार, आणि ज्याला येत नाही त्याचीही चारचौघांत मान खाली जात नाही. “कुणाचा अपमान होत नाही,” ती म्हणाली. “ही काही लबाडी नाही, माया आहे. आणि माझी नाही. आमच्या बाईंची पद्धत आहे.”

आमच्या बाई म्हणजे तू.

मी डबा न खाता ग्राउंडवर गेले. शिपायाला वाटलं मला बरं नाही. मला बरं होतं, आई. मला फक्त एक गोष्ट इतक्या वर्षांनी कळली होती. मला वाटायचं, हे जगात फक्त तुझ्या-माझ्यात आहे.

दादाला हे माहीत नाही, त्याला तू दुसऱ्या शाळेत घातलं होतंस. मी मात्र तुझ्याच वर्गात. घरी आई, शाळेत बाई. रस्त्यात नेमकं कुठे ‘आई’चं ‘बाई’ करायचं तेही ठरलेलं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी. आणि पहिल्याच दिवशी तू स्वयंपाकघरात मला जवळ घेऊन सांगितलंस, “वर्गात प्रश्न विचारला की तू डावा हात वर करायचा. येत असलं तरी डावाच. म्हणजे मी तुला विचारणार नाही. नाहीतर लोक म्हणतील, बाई आपल्याच मुलीला पुढे करतात.” मी विचारलं, कधीच नाही विचारणार? तू म्हणालीस, “घरी विचारीन.”

घरी कुठे विचारलंस? घरी तू वह्या तपासायचीस.

मी तो डावा हात आपलं गुपित म्हणून वर करायचे. मला त्याचा अभिमान होता, खरं सांगते. तुझी नजर माझ्यावरून पुढे सरकायची तेव्हा मला वाटायचं, ही आमची खूण आहे, हिचा बाकीच्यांना पत्ताही नाही. आणि आता कळतं की माझ्या शेजारची जी मुलगी डावा हात वर करायची, ती न येणाऱ्यांतली होती. तू मला नेऊन तिच्या रांगेत बसवलंस. फरक फक्त मला माहीत होता, आणि तुला.

की तू विसरलीस? मला हेच विचारायचंय. ‘मी तुला वर्गात पाहिलंय’ म्हणालीस ना? काय पाहिलंस? डावा हातच पाहिलास. तो कुणी वर करायला लावला होता?

धाकटी

२२ फेब्रुवारी

आई,

दादा म्हणाला, पत्र वाचल्यावर तू जेवली नाहीस. त्याने मला झापलंही, की म्हाताऱ्या माणसाला असं लिहितात का. दादा, मी म्हाताऱ्या माणसाला लिहिलेलं नाही. मी एका बाईंना लिहिलंय ज्यांचं नाव ऐकून लोक अजून खुर्चीतून उठतात.

जाऊ दे. काम सांगते.

मी इस्त्रीकडे जाऊन सांगितलं, खिडकीचा हात बदला. तिला येतं. ती म्हणाली, सहावीतले गुण बघा. मी म्हटलं, सहावी केव्हाच झाली, आत्ता विचारून बघा. ती म्हणाली, वर्षाच्या मधे एकाचा हात बदलला की दहा जण येतात आपला बदला म्हणून, आणि मग सगळं ओम फस. पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, तोवर ती मुलगी स्वतःला मठ्ठ समजायला लागेल. त्यावर इस्त्री जे म्हणाली ते तसंच लिहिते. म्हणाली, “समजत असती तर आत्तापर्यंत रडली असती. मुलांना सवय होते. तुम्हाला नाही का झाली?”

तिला माहीत आहे, आई. तू तिला सांगितलं असशील, कधीतरी, हसत हसत, की माझी मुलगीसुद्धा डाव्यातच आहे.

म्हणून मी खिडकीला मधल्या सुट्टीत शिकवायला घेतलं. शिकवायला म्हणजे काय, ती नळ्या धुते आणि मी गप्पा मारते. माझ्या अंतिम पाठाला मी दुष्फेन पाणी घेणार आहे, ज्यात साबणाला फेस येत नाही ते. माझं आयुष्य त्या पाण्यात गेलंय, निदान तिथे तरी माझी जीभ अडखळणार नाही. परवा तिला विचारलं, काही पाणी उकळलं की त्याला फेस यायला लागतो, तो का? तिने थोडा विचार केला. म्हणाली, आमच्या केटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो, आई तो चाकूने खरवडते. म्हणजे जे फेस येऊ देत नाही ते उकळताना पाण्यातून निघून बुडाला जाऊन बसत असणार. मग पाणी मोकळं होतं. आई, ‘पाणी मोकळं होतं’ असं कुठल्याही पुस्तकात नाही. मी तिला म्हटलं, हेच, अगदी असंच, तू पाठाच्या दिवशी सांगायचं. ती म्हणाली, पण माझा तर डावा आहे. मी म्हटलं, मी विचारीन, तू सांग.

इस्त्रीला वास लागलाय. काल म्हणाली, पाठाच्या दिवशी नसते उपद्व्याप नकोत. तुम्ही पडलात तर माझं नाव जातं, आणि बाईंचंही. टायचा सराव पाठ झाला, तो सफाईने उजवे हात उचलत गेला, दुकानदार फळं निवडतो तसा. मुलांना तो आवडतो. हेडसरांनाही.

तुझा जावई म्हणतो, एक तास तर आहे, उजव्यांना विचार आणि मोकळी हो. एकदा नोकरी पक्की झाली की मग काय क्रांती करायची ती कर. तो काही चुकीचं बोलत नाही. प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीवर दुसरं माणूस बसलंय, परत जाण्याची सोय नाही. ही जागा गेली तर माझ्या वयाला दुसरी कोण देणार? मी त्याला हो म्हटलं. तुलाही सांगते, मी उजव्यांनाच विचारणार आहे. उगाच काळजी नको.

धाकटी

११ एप्रिल

आई,

खोटं लिहिलं होतं. मी उजव्यांना विचारणार नव्हतेच. हो म्हटलं ते जावयाला झोप लागावी म्हणून.

पाठ झाला. मागे दोघे बसले होते, एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक चष्म्यातल्या बाई, आणि त्यांच्या शेजारी, माझ्या डुगडुगणाऱ्या बाकावर, इस्त्री. मी दोन बाटल्या आणल्या होत्या, साबण घालून हलवल्या. एकीत फेस, दुसरीत नुसता गढूळपणा. मुलं पुढे सरकून बघत होती. माझा आवाज लागला होता. टक्कलवाले मान डोलवत होते. आई, त्या दहा मिनिटांत तू असायला हवी होतीस.

मग मी प्रश्न विचारला. उकळल्यावर फेस का येतो. हात वर गेले, सगळे. मी खिडकीकडे बघितलं. डावा हात. मी तिला उठवलं.

ती उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून मागे इस्त्रीकडे. इस्त्रीने काही केलं नाही, नुसती पेन घेऊन बसली होती. खिडकी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “मला येत नाही, मॅडम.”

मी म्हटलं, येतं. केटली आठव. ती म्हणाली, नाही येत. आणि आई, उभी राहिली तरी तिने तो हात खाली घेतला नव्हता. डोळ्यांत पाणी आणि डावा हात तसाच वर.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. बस म्हणायचं आणि कुणा उजव्याला उठवायचं, टायने केलं असतं तसं. अजूनही निभावलं असतं. मी वर्गाला म्हटलं, सगळ्यांनी हात खाली घ्या. आता ज्याला येतं त्याने कुठलाही हात वर करा. कुणीच केला नाही. उजव्यांनीसुद्धा नाही. त्यांना वाटलं मी चिडलेय. मी थांबून राहिले. वर्गात पंख्याचा आवाज येत होता आणि मागे पेनांचा.

नंतर चष्म्यातल्या बाईंनी मला विचारलं, मुलांना तुमची भीती वाटते का. मी त्यांना सगळं सांगितलं, उजवा, डावा, सगळं. त्यांनी इस्त्रीकडे बघितलं. इस्त्री म्हणाली, मॅडमना फार ताण आला होता, त्यांच्या घरी आईची तब्येत बरी नसते. दोघांनी सहानुभूतीने मान हलवली. शेरा असा आहे: विषयाचं ज्ञान उत्तम, वर्गावर पकड नाही. जागा टायला मिळाली. तो मला भेटायला आला तेव्हा त्याने टाय काढून खिशात ठेवला होता. मीच त्याचं अभिनंदन केलं.

खिडकीवर मला क्षणभर भयंकर राग आला होता, ते लपवत नाही. मग घरी येताना आठवलं आणि मी रस्त्यातच एका पायरीवर बसले.

आपल्या वर्गात ते इन्स्पेक्टर आले होते, आठवतं? तू विचारलंस, दोरीवरचे कपडे वारा असला की लवकर का वाळतात. हात वर गेले. तू कुणालातरी उठवणार, तेवढ्यात त्यांनीच माझ्याकडे बोट केलं. पहिल्या रांगेतली मुलगी, म्हणाले, तू सांग. मी उभी राहिले. तू मला सांगितलं होतंस की मी तुला विचारणार नाही. दुसऱ्या कुणी विचारलं तर काय करायचं ते सांगितलं नव्हतंस. मी तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं, सांगितलं तर हे म्हणतील बाईंनी घरून पढवून आणलंय. मी म्हटलं, मला येत नाही.

त्या दिवशी घरी तू एवढंच म्हणालीस, “शोभा केलीस माझी.” आणि त्यानंतर प्रत्येक आत्या, मावशी, काकूला तेच सांगितलंस. हिचं डोकं बरं आहे पण चार लोकांत तोंड उघडत नाही. हिला शिकवणं जमायचं नाही. हिला एका जागी बसून करायचं काम बघा. मी एका जागी बसून करायचं काम बघितलं. बाटल्या मोजल्या.

मला उत्तर येत होतं, आई. त्या दिवशी सकाळीच आपण दोघींनी दोरीवर कपडे घातले होते, वारा सुटला होता, आणि मी विचारलं होतं म्हणून तूच मला समजावून सांगितलं होतंस. मी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. जावयालाही नाही. आता दादालाही कळलं.

२० मे

बाई,

आज ‘आई’ लिहायला घेतलं आणि हात थांबला. तुम्ही परवा फोन केलात तो बाईंच्या आवाजात केलात, म्हणून बाईंनाच लिहिते. रागावू नका.

इतक्या महिन्यांनी फोनवर तुमचा आवाज आला आणि मी आधी घाबरले, दादाला काही झालं की काय. तुम्ही इकडचं तिकडचं बोलला नाहीत. म्हणालात, “तुला येत होतं, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं.”

मी विचारलं, मग? तुम्ही म्हणालात, मग काय, त्या साहेबांसमोर काय सांगणार होते. मी विचारलं, साहेब गेल्यावर? नंतरची सगळी वर्षं? आत्या, मावशी, काकूंसमोर? मग म्हणालात, “एकदा बोलून गेले होते. लोकांनी धरून ठेवलं. मग ते मागे कसं घ्यायचं?”

आणि मग विचारलंत, त्या मुलीचं काय झालं. माझं काय झालं ते विचारलं नाहीत. विचारायचं राहून गेलं असेल.

तर दोघींचंही सांगते. मला आणखी एक वर्ष उमेदवारीची संधी देण्यात आली आहे. त्याच शाळेत, त्याच पगारावर, त्याच मार्गदर्शक शिक्षिकेच्या हाताखाली. हेडसर म्हणाले, अनुभवी इंटर्न मिळणं शाळेच्या दृष्टीने भाग्याचं. ते तर आहेच, पुढल्या वर्षी भूगोलाच्या सरांचं मोठं ऑपरेशन आहे. मी हो म्हटलं. नाही म्हणायला मागे काही उरलेलं नाही. जावयाने माझ्या बाकाला घालायला लाकडाची एक चकती कापून दिली, आखूड पायाखाली. शिपायाने नेली तर दुसरी कापून देईन म्हणाला.

इस्त्री माझ्यावर डूख धरून नाही. उलट जरा मऊच झाली आहे. मला वाटतं तिला माझी कीव येते. निकालाच्या दिवशी म्हणाली, तुमचं म्हणणं मी विचारात घेतलंय. त्या मुलीकडे मी बघितलं. आणि तिने खरंच बघितलं होतं.

खिडकी मला मैदानाच्या फाटकापाशी भेटली. मला बघून धावत आली. मला वाटलं ही त्या दिवसाबद्दल काही बोलणार, रडणार, मी तिला काय सांगायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. की तुझी चूक नव्हती. की मीही एकदा तशीच उभी होते. की तू जे केटलीबद्दल सांगितलंस ते माझ्या लक्षात राहणार आहे. तिने मला एकही वाक्य बोलू दिलं नाही. धापा टाकत म्हणाली, “मॅडम, मला पुढच्या वर्षी उजवा मिळालाय.”

तिचा चेहरा असा फुलला होता. घरी सांगितलं म्हणाली, आई-बाबा दोघांना. आता शेजारच्या मुलीचा डावा आणि हिचा उजवा. हात वर करून दाखवला मला, तिथेच, फाटकापाशी, उजवा, कोपर सरळ करून.

मला तिला सांगायचं होतं की दोन्ही हात तुझेच आहेत, ते कुणी काय म्हणून द्यायचे-घ्यायचे. सांगितलं नाही. मी तिची पाठ थोपटली, शाब्बास म्हटलं, आणि ती पळाली.

बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिलं. एकच राहिलं. ती लांब जाईपर्यंत मी फाटकापाशी उभी होते आणि मला राग यायला हवा होता, तुमचा, इस्त्रीचा, सगळ्यांचा. तो आला नाही. मला त्या मुलीचा हेवा वाटला.